नांदेड ते अमृतसर : आकाशमार्गाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ

अमृतसरहून येणारी गाडी नांदेडच्या स्थानकात थांबली म्हणजे फलाटावर पंजाबी भाषा ऐकू येऊ लागते. तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे दर्शनासाठी येणाऱ्या यात्रेकरूंचा ओघ वर्षभर चालू असतो. यामुळे नांदेड जिल्ह्यातील मुलांना अमृतसर हे नाव नकाशावर शोधण्यापूर्वीच ऐकून ठाऊक झालेले असते. भूगोलाच्या तासाला पंजाबचा उल्लेख आला की "अमृतसर येथून किती लांब?" असा प्रश्न वर्गातून साहजिकच येतो आणि त्याला उत्तरेही वर्गातूनच मिळतात. एक मुलगा चौदाशे किलोमीटर म्हणतो, दुसरा दोन हजार म्हणतो. तिसरा दीड दिवस सांगतो; आणि ज्याच्या घरातील कोणी विमानाने जाऊन आले असेल तो सव्वादोन तास सांगून सर्वांना गप्प करतो.

अशा वेळी यांतील एक उत्तर बरोबर ठरवून बाकीची खोडून टाकण्याची प्रवृत्ती पुष्कळदा दिसून येते. वस्तुतः चारही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. ती चार निराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत एवढेच. पृथ्वीच्या पृष्ठावरील दोन ठिकाणांमधील सरळ अंतर, प्रत्यक्ष मार्गाचे अंतर, त्या मार्गावर वाहनाला लागणारा वेळ आणि माणसाला घरापासून घरापर्यंत लागणारा वेळ या गोष्टी परस्परांशी संबंधित असल्या तरी एक नव्हेत. गणिताच्या पुस्तकातील आगगाड्या व मोटारी नेहमी एकाच वेगाने आणि सरळ धावतात. त्यांच्यावर पोसलेला विद्यार्थी या चार गोष्टी एकच समजतो, आणि पुढे प्रत्यक्षातील प्रवास त्याच्या उत्तराशी जुळला नाही म्हणजे गणित हे केवळ शाळेपुरते असते असा ग्रह करून घेतो. हा ग्रह प्राथमिक शाळेतच होऊ न देणे शिक्षकाच्या हाती आहे.

प्रथम सरळ अंतर पाहू. यासाठी अक्षांश व रेखांश यांखेरीज काहीही लागत नाही. नांदेडचा विमानतळ सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांश व ७७.३ अंश पूर्व रेखांश यांवर आहे. अमृतसरचा सुमारे ३१.७ अंश उत्तर व ७४.८ अंश पूर्व यांवर. अक्षांशांतील फरक १२.५ अंश. एका अक्षांशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर असते. म्हणजे अमृतसर नांदेडच्या उत्तरेस १३८७ किलोमीटरांहून किंचित अधिक आहे. रेखांशांतील फरक २.५ अंश. रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येत असल्यामुळे एका रेखांशाचे अंतर सर्वत्र सारखे नसते. विषुववृत्तावर ते १११ किलोमीटर असते, तर नांदेड व अमृतसर यांच्या मधोमध, म्हणजे सुमारे २५ अंश अक्षांशावर, ते जवळजवळ १०० किलोमीटर भरते. यास्तव अमृतसर नांदेडच्या पश्चिमेस सुमारे २५० किलोमीटर आहे. आता काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू मिळाल्या. कर्ण काढला असता तो सुमारे १४१० किलोमीटर येतो.

वरच्या वर्गातील मुलांकडून हे उदाहरण फळ्यावर करून घ्यावे. पायथागोरसचा सिद्धांत शिकून झाल्यावर तो अमृतसरपर्यंत पोहोचतो हे पाहून त्यांना जो आनंद होतो, तो शिडी आणि भिंतीच्या उदाहरणाने होत नाही. उत्तराकडे पुन्हा एकदा लक्ष वेधावे. पश्चिमेकडील २५० किलोमीटरांनी एकूण अंतरात जेमतेम २२ किलोमीटरांची भर पडली, कारण प्रवास मुख्यतः उत्तरेकडचा आहे. एखादा चिकित्सक विद्यार्थी असेही विचारील की विमान जमिनीपासून दहा किलोमीटर उंचीवरून जाते, तर वरच्या वर्तुळावरील अंतर अधिक भरणार नाही काय? शंका रास्त आहे. परंतु पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६३७१ किलोमीटर असल्याने दहा किलोमीटरांमुळे पडणारा फरक या संपूर्ण प्रवासात दोन किलोमीटरांच्या आसपास राहतो.

रेल्वेचा मार्ग मात्र कर्णाने जात नाही. सचखंड एक्स्प्रेस नांदेडहून निघते ती पूर्णा, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर या मार्गाने प्रथम मनमाडकडे जाते. तेथून भुसावळ, खंडवा, इटारसी, भोपाळ, झाशी, आग्रा, दिल्ली, अंबाला, लुधियाना, जालंधर असा तिचा मार्ग आहे. एकूण अंतर दोन हजार किलोमीटरांच्या घरात जाते आणि प्रवासाला दीड दिवसाच्या आसपास लागतो. भारताच्या नकाशावर हा मार्ग मुलांकडून बोटाने गिरवून घेतल्यास त्यांना एक मौजेची गोष्ट आढळून येईल. नांदेड ते मनमाड हा लोहमार्ग सुमारे ३५० किलोमीटरांचा आहे. परंतु मनमाडहून अमृतसरचे सरळ अंतर मोजले तर ते सुमारे १२७५ किलोमीटर भरते. म्हणजे साडेतीनशे किलोमीटर धावून गाडी आपल्या ठिकाणाच्या सुमारे १३५ किलोमीटरच जवळ आलेली असते. प्रवासी निम्मा दिवस गाडीत बसूनही अजून महाराष्ट्रातच का असतो, याचे हे उत्तर आहे. (मार्गातील काही स्थानकांवर या गाडीच्या प्रवाशांना लंगराचे जेवण मिळते. हे मुलांना आधीच ठाऊक असते आणि भुसावळच्या पुढील स्थानकांची नावे त्या निमित्ताने चांगली पाठ होतात.)

लोहमार्ग वळसे घेतो यात कोणाची चूक असते असे मात्र मुलांच्या मनावर ठसवू नये. मार्ग डोंगर चुकवतो, नदीवर पुलाला सोयीची जागा शोधतो आणि वस्तीची गावे जोडतो. लातूर जिल्ह्यातील शिक्षकांना याचे घरचे उदाहरण देता येईल. बार्शी लाइट रेल्वेचा जुना अरुंद मार्ग कुर्डुवाडीहून येडशीवरून लातूरला येत असे आणि तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, बाजूला राहत असे. या मार्गाचे रुंदीकरण २००७ व २००८ या वर्षांत पूर्ण झाले, तेव्हा तो मुद्दाम वळवून जिल्ह्याच्या या ठिकाणाजवळून नेण्यात आला. मार्ग लांबला, पण एका शहराला रेल्वे मिळाली. सर्वांत जवळचा मार्ग तोच सर्वांत चांगला असे नेहमी म्हणता येत नाही.

याच दोन प्रदेशांमध्ये रेल्वेच्या कितीतरी आधीपासून माणसे ये-जा करीत आली आहेत. संत नामदेव आयुष्याच्या उत्तरार्धात पंजाबात गेले. नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सी आणि पंजाबच्या गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान ही दोन गावे त्यांच्या नावाने जोडली गेली आहेत. घुमान अमृतसरपासून फार दूर नाही. २०१५ च्या एप्रिल महिन्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले, तेव्हा महाराष्ट्रातून रेल्वेने गेलेल्या साहित्यप्रेमींना हे अंतर चांगलेच जाणवले. पायी चालणारा मनुष्य दिवसाला २५ किलोमीटर चालतो असे धरले व मार्ग दोन हजार किलोमीटरांचा मानला, तर विश्रांतीचा एकही दिवस न घेता ८० दिवस लागतात. पावसाळ्यात नद्यांना पूर आले म्हणजे मुक्काम वाढणार हे वेगळेच. श्री गुरु गोविंदसिंगजी १७०८ मध्ये उत्तरेकडून नांदेडला आले, तेही अशाच मुक्कामामागून मुक्काम करीत. गुरुद्वाऱ्याची इमारत दाखवायला मुलांना नेले असता ही गोष्ट तेथे सांगावी.

आता विमान. २००८ मध्ये गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने नांदेडच्या विमानतळाचा विस्तार करण्यात आला, आणि २३ डिसेंबर २०१७ रोजी एअर इंडियाने अमृतसर व नांदेड यांच्यामध्ये थेट विमानसेवा सुरू केली. या मार्गावर विमानाला दोन ते अडीच तास पुरतात. येथे गणित पुन्हा अडते. प्रवासी विमान उंचावर तासाला सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. १४१० ला ८०० ने भागल्यास उत्तर पावणेदोन तास येते. मग उरलेला वेळ कोठे गेला? विमान धावपट्टीपर्यंत सावकाश चालत जाते. उडाल्यावर उंची गाठेपर्यंत त्याचा वेग कमी असतो. उतरण्यापूर्वी बऱ्याच अंतरावरून ते वेग कमी करीत खाली येते. आकाशातही ठरलेले मार्ग असून प्रत्येक विमानाला जमिनीवरील नियंत्रकाच्या आज्ञेप्रमाणे जावे लागते. म्हणून सरासरी वेग आणि कमाल वेग हा भेद येथे शिकवावा. जवळच्या प्रवासात चढण्या-उतरण्याचा वाटा मोठा असल्यामुळे सरासरी फार खाली येते, दूरच्या प्रवासात तेवढी येत नाही.

सरासरी वेगाचे याहून बोलके उदाहरण लातूरच्या मोठ्या माणसांच्या स्मरणात आहे. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला आली. दहा टाक्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. अंतर साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास. ११ एप्रिलला दिवसा निघालेली ही गाडी १२ एप्रिलच्या पहाटे पोहोचली. प्रवासाचे १८ तास धरून भागाकार केला असता तासाला २० किलोमीटरही पडत नाहीत. इतर गाड्यांना वाट देणे, एकेरी मार्गावर थांबणे, अवजड टाक्या सांभाळून नेणे, या सर्वांचा वेळ त्या भागाकारात दडलेला आहे. ज्या घरात त्या पाण्याची वाट पाहिली गेली, तेथील मुलाला "सरासरी" या शब्दाचा अर्थ दुसऱ्या कोणत्याही उदाहरणाने इतका नेमका कळणार नाही.

घरापासून घरापर्यंतचा वेळ हा तर आणखी निराळा विषय आहे. विमान सुटण्याच्या बराच वेळ आधी विमानतळावर हजर राहावे लागते. सामानाची व ओळखपत्राची तपासणी होते. उतरल्यावर सामान मिळेपर्यंत थांबावे लागते. किनवटच्या प्रवाशाला एस. टी. ने नांदेडला येण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात विमान अमृतसरला पोहोचलेले असते. किनवट, माहूर, देगलूर, मुखेड या भागांतील शिक्षकांनी आपल्या गावापासून प्रवास मांडून दाखवावा. गाव ते नांदेड, विमानतळावरील प्रतीक्षा, उड्डाण, आणि अमृतसरच्या विमानतळापासून शहरापर्यंत. या बेरजेत उड्डाणाचा वाटा निम्म्याहून कमी निघतो हे मुलांनी स्वतः शोधावे. आधी सांगू नये.

अंतर कायम असते, सेवा कायम नसते, ही गोष्टही सांगावयास हवी. २५ मार्च २०२० पासून देशांतर्गत प्रवासी विमाने साथीमुळे सुमारे दोन महिने बंद होती. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या काळात अमृतसरसह उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ काही दिवस नागरी वाहतुकीस बंद ठेवण्यात आले. त्या दिवसांत १४१० किलोमीटर हे अंतर तेवढेच होते, परंतु "विमानाने किती वेळ लागतो?" या प्रश्नाला उत्तर उरले नव्हते. यास्तव विमानाच्या वेळा जुन्या वहीतून फळ्यावर उतरवू नयेत. त्या दर हंगामात बदलतात.

येथवर नकाशा व पट्टी यांनी काम भागले. याचे कारण नांदेड ते अमृतसर हा प्रवास जवळजवळ उत्तर-दक्षिण आहे. पूर्व-पश्चिम दिशेने दूर जाताना हीच पट्टी फसवते, आणि येथेच वर्गात सर्वाधिक चुकीची माहिती दिली जाते. आज नांदेड-लातूरकडील अनेक कुटुंबांतील मुले-मुली अमेरिकेत आहेत. तेव्हा मुंबई ते न्यूयॉर्क हे उदाहरण गावातही परके वाटणार नाही. जगाच्या सपाट नकाशावर या दोन शहरांमध्ये पट्टीने रेघ ओढल्यास ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका व अटलांटिक महासागर यांवरून जाते. आता पृथ्वीगोल घेऊन त्यावर तीच दोन शहरे दोऱ्याने जोडावीत व दोरा ताणावा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. तो सिंध व अफगाणिस्तान यांवरून मध्य आशियात शिरतो, रशिया, फिनलंड व स्वीडन ओलांडून आइसलंडवरून जातो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ स्पर्श करतो आणि कॅनडातून न्यूयॉर्कला उतरतो. या दोऱ्याची लांबी प्रत्यक्षात सुमारे १२,५०० किलोमीटर भरते. नकाशावरील रेघ ज्या मार्गाने जाते तो, होकायंत्राची दिशा न बदलता गेल्यास, सुमारे १४,२०० किलोमीटरांचा होतो. "सरळ" दिसणारी रेघ सतराशे किलोमीटर लांबची! गोल पृथ्वी कागदावर सपाट पसरताना उत्तरेकडील प्रदेश ताणले जातात. पट्टीचा दोष नाही, कागदाचा आहे. हा ताणलेला दोरा ज्या वर्तुळाचा भाग असतो त्याला बृहद्‌वृत्त म्हणतात. शब्द अवघड वाटल्यास सांगू नये, दोरा मात्र दाखवावा.

विमाने नेहमी या दोऱ्यावरूनच जातात असे मात्र नाही. एप्रिल २०२५ मध्ये भारत व पाकिस्तान यांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला व उड्डाणे लांबली. कधी कधी वळसा आपखुशीचाही असतो. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरांचा, म्हणजे चौदाशे किलोमीटर अधिक. तरीही वेळ सुमारे दोन तासांनी कमी लागून प्रवास साडेचौदा तासांत पुरा झाला. मध्य अक्षांशांवर उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला ते पाठीमागून ढकलतात, पश्चिमेकडे जाणाऱ्याला समोरून अडवतात. गोदावरीच्या प्रवाहाबरोबर व प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नावेचे गणित मुलांना येते. हे तेच गणित होय. नाव जमिनीच्या मानाने नव्हे तर पाण्याच्या मानाने चालते, तसे विमान हवेच्या मानाने.

शेवटी घड्याळ. नांदेड व अमृतसर यांच्या रेखांशांत अडीच अंशांचा फरक आहे. एका अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने नांदेडला मध्यान्ह १० मिनिटे आधी होतो. तरी दोन्हीकडची घड्याळे एकच वेळ दाखवतात, कारण संपूर्ण देश ८२.५ अंश पूर्व रेखांशाची प्रमाणवेळ पाळतो. परदेशी जाताना हा सोपेपणा राहत नाही. मुंबईहून रात्री १ वाजता निघालेले विमान हिवाळ्यात न्यूयॉर्कला त्याच तारखेस सकाळी साडेसहाला पोहोचले, तर वजाबाकी करून मुले साडेपाच तास सांगतील. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असते. ते मिळवले म्हणजे खरे १६ तास निघतात. उलट दिशेने याहून गंमत होते. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली चार महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून विमान उत्तर ध्रुवाजवळून बेंगळुरूला आणले. ते ९ तारखेच्या रात्री निघाले आणि ११ तारखेच्या पहाटे उतरले. दिनदर्शिकेप्रमाणे दोन तारखा उलटल्या. हवेत मात्र ते सुमारे १७ तास होते. पाचवी-सहावीच्या मुलींना हे उदाहरण गणित म्हणूनही द्यावे आणि बातमी म्हणूनही.

दोऱ्याच्या प्रयोगासाठी शाळेत पृथ्वीगोल नसल्यास मोठा चेंडू चालतो. त्याच्या मध्यावर विषुववृत्त आखावे, ध्रुव ठरवावेत आणि मुंबई व न्यूयॉर्क यांची स्थाने अक्षांश-रेखांशांवरून खुणा करून घ्यावीत. दोरा शिवणकामाचा बारीक घ्यावा; सुतळी घेतल्यास ती चेंडूवर सरकत नाही, आणि ठेवली त्याच मार्गावर अडून बसते. प्रथम दोरा मुद्दाम पूर्व-पश्चिम धरून दोन्ही टोके विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत व हळूहळू ताणावयास सांगावे, म्हणजे तो उत्तरेकडे सरकताना सर्वांना दिसेल.